महाराज नार्व्याला यायचे तो दिवस

आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत व्हायचं. डान्स, नाट्यगीतं, फुगडी, बक्षिसं सगळं असायचं पण गाव लोटायचा तो शेवटच्या नाटुकल्यासाठी, शिवाजी महाराज नार्व्याला येतात ते. दरवर्षी तेच नाटक, तेच संवाद, फक्त मुलं बदलायची, आणि तरी कंटाळा म्हणून कुणाला यायचा नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, नार्वे गाव अगदी जवळ, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला पुस्तकातली वाटायचीच नाही, आमच्या गावावरून महाराज गेले असंच वाटायचं.

नाटक सुरू व्हायचं दिवाडी बेटावरून. सप्तकोटेश्वर म्हणजे शंकर, गोव्याच्या जुन्या कदंब राजांचा कुलदेव, त्यांच्या नाण्यांवरसुद्धा त्याचं नाव आहे, आणि 1540 मध्ये पोर्तुगीजांनी दिवाडीचं ते देऊळ पाडलं. मग भक्त लिंग घेऊन नदी ओलांडून अलीकडे नार्व्याला येतात, तेव्हा इथे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. नदी म्हणजे कुणाच्या तरी आईची निळी साडी, दोन मुली दोन टोकं धरून हलवायच्या आणि चार मुलं टोपलीत लिंग घेऊन त्या लाटांतून वाकून यायची. मी त्या चौघांत होतो. आता फेरीबोटीतून दिवाडीला जाताना पाणी बघितलं की मला ती साडी आठवते, खरंच.

मग महाराज. स्टेज म्हणजे बाकं जोडून त्यावर फळ्या, तिथे मावळे मावायचे नाहीत, म्हणून बाईंनी ठरवलेलं की महाराज गेटमधून लोकांच्या मधून चालत येतील. तालमीत बाई सारख्या ओरडायच्या, "अरे धावतोस काय, महाराज आहेस ना तू, पाऊल सावकाश टाक!" चौथीतला मुलगा, जत्रेच्या नाटकांना मेकअप करणारे काका येऊन त्याला दाढी चिकटवायचे, जिरेटोप पुठ्ठ्याचा, तलवारीला चांदीचा कागद. आणि पुढे घुमट, शामेळ, कासाळं ही आमची गोव्याची वाद्यं वाजवत गावचे आरतीवाले. घुमट लागला की आपोआप सगळे मागे वळायचे, बायका एकमेकींना म्हणायच्या "पळय गे, म्हाराज आयले", म्हणजे बघ गं, महाराज आले, आणि मग जे व्हायचं ते मी नंतर कुठल्याच कार्यक्रमात बघितलं नाही, खुर्च्यांवरची मोठी माणसं उभी राहायची. कुणी सांगायचं नाही. खाणीवरून ड्युटी संपवून तसेच आलेले बाप, पंच, हेडमास्तर, सगळे त्या चौथीतल्या पोरासाठी उभे. वाड्यावरची एक म्हातारी आजी तर घरून निरांजन घेऊनच यायची आणि वाटेतच ओवाळायची, दरवर्षी. बाईंनी तिला कधी अडवलं नाही, उलट तालमीतच सांगून ठेवायच्या की आजी ओवाळतील तेव्हा थांबायचं, मान हलवायची नाही. मला वाटतं बाईंना नाटक काय असतं ते मोठमोठ्या दिग्दर्शकांपेक्षा जास्त कळत होतं.

स्टेजवर पोचल्यावर संवाद थोडेच. पुजारी मोडकळीला आलेलं देऊळ दाखवतो, महाराज आज्ञा देतात, आणि एक मुलगा छिन्नी-हातोडा घेऊन दगड कोरायला बसतो. तो कोरत असताना आम्ही सगळी शाळा एका सुरात म्हणायचो, शके 1590, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, श्री शिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः. म्हणजे नोव्हेंबर 1668. हा शिलालेख देवळात आहे, बाई आम्हाला सहलीला नेऊन त्याच्यासमोर उभं करायच्या आणि पाठ करून घ्यायच्या. 2023 मध्ये देवळाचा जीर्णोद्धार झाल्यावर मुलीला घेऊन गेलो तेव्हा न बघता सगळं म्हटलं, ती बघतच राहिली.

तयारी गावाची असायची. ट्रकांची लाल धूळ रस्त्यावरून थेट मैदानावर यायची, म्हणून सकाळपासून आमचे बाबालोक घागरींनी पाणी मारायचे. फेटे आयांच्या साड्यांचे, मांडवाला माडाची चुडतं, माईक जत्रेवाल्याचा. प्रोग्राम संपला की भाजी-पाव आणि लिंबूसोडा, महाराजांना पहिली प्लेट. दाढी सांभाळत तो पाव खायचा आणि आम्ही सगळे त्याच्या भोवती, तलवार एकदा हातात दे म्हणून मागे लागलेलो.

आणि सोमवारी शाळा भरली की तिसरीच्या वर्गात भांडणं सुरू, पुढच्या वर्षी महाराज कोण. उंची मोजायचे, आवाज काढून दाखवायचे, एकाने तर चुलत्याचा घोडा आणतो म्हणून सांगितलेलं, त्याच्या चुलत्याकडे घोडा नव्हता, पण आमचा सगळ्यांचा विश्वास बसलेला आणि वर्षभर आम्ही त्या घोड्याची वाट बघितली.