कांडेचोराची पोरकी पिल्लं सांभाळताना

मे महिन्यात आमच्या गुहागर तालुक्यात पावसाआधी कौलं चाळायची कामं निघतात, आणि वर्षभरातले सर्वात जास्त फोन मला त्याच दिवसांत येतात. माळ्यावर, जुन्या पोत्यांच्या ढिगात नाहीतर भिंत आणि वासा यांच्यामधल्या सापटीत पिल्लं सापडलेली असतात. बहुतेक वेळा ती कांडेचोराची निघतात. कांडेचोर म्हणजे उदमांजर, मांजराएवढा, झाडावर चढणारा रात्रीचा प्राणी. मादीला दिवसा झोपायला आणि पिल्लं घालायला झाडाची ढोली लागते. ढोली असलेले जुने आंबे-फणस तोडले गेले की कौलारू घराचा माळा तिला तेवढाच सोयीचा वाटतो.

घरच्यांना वाटतं, आई पिल्लं टाकून गेली. ती सहसा गेलेली नसते. माणसं वर चढली, ठोकाठोक झाली म्हणून जवळच कुठेतरी दडून अंधार पडायची वाट बघत असते, आणि पहिली संधी मिळाली की एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. म्हणून फोनवर मी आधी एवढंच सांगते, की काम थांबवा, पिल्लांना हात लावू नका, एक रात्र जाऊ द्या. पिल्लू आईकडे परत गेलं तर त्याच्यासाठी त्याहून चांगलं काहीच नाही. मी कितीही जपलं तरी रात्री फांदीवरून कसं चालायचं, कुत्र्याचा वास आला की काय करायचं, हे मला शिकवता येत नाही.

गेल्या वर्षी सापडलेल्या तीन पिल्लांच्या बाबतीतही आम्ही हेच केलं. शेजारच्या वाडीतल्या दादांचा दुपारी फोन आला, संध्याकाळी मी पोचले. पिल्लं मुठीएवढी, राखाडी-काळी, डोळे नुकतेच उघडलेले आणि त्यांवर निळसर झाक. त्यांच्या अंगाला आंबेमोहर तांदूळ शिजताना येतो तसा वास होता. बांबूच्या दुरडीत जुनं सुती लुगडं घातलं, गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून एका कडेला ठेवली आणि दुरडी होती तिथेच माळ्यावर ठेवून दिली. ज्या आढ्यावरून मादी येते असं दादा म्हणाले, त्याच्यावर चुलीतली राख चाळून पसरली. वाडीतले कुत्रे बांधले, मागल्या दारचा दिवा बंद केला.

सकाळी राखेवर उंदराच्या पावलांखेरीज काही नव्हतं. तेवढ्यात दुधाच्या फेरीवरून आलेल्या गड्याने सांगितलं की खालच्या वळणावर रस्त्याकडेला एक कांडेचोर मरून पडलंय. मी जाऊन पाहिलं. काठीने कुशीवर केलं तेव्हा पोटावरची आचळं दिसली. लांब ओढलेली, भोवतालचे केस चोखून चोखून झडलेले. पोटात कालवलं. पण आता वाट बघण्यात अर्थ नव्हता, हेही त्याच क्षणी कळलं.

पुढचं काम फोनचं. कांडेचोर हा वन्यप्राणी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि त्यांनी मागितला की सोपवावा लागतो. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तो मी लोकांना भिंतीवर लिहून ठेवायला सांगते. आमचे वनरक्षक दुपारपर्यंत मोटारसायकलवरून आले. पंचनामा झाला, मेलेल्या मादीचाही झाला. दर तीन तासांनी दूध लागणारी पिल्लं कार्यालयात ठेवता येत नव्हती, आणि घाट चढून लांबचा प्रवास त्यांना झेपणार नाही असं पशुवैद्यक डॉक्टरांचं मत पडलं. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वनपालांना वेळोवेळी वजनं कळवायची या अटीवर, पिल्लं माझ्याकडे ठेवायची लेखी परवानगी मिळाली. तो कागद हातात असल्याशिवाय मी कुठलंही रानटी पिल्लू घरी ठेवत नाही, आणि हे वाचणाऱ्या कुणीही ठेवू नये.

तीनपैकी एक पिल्लू पहिल्यापासूनच वेगळा श्वास घेत होतं. मी पोचण्याआधी दादांच्या मुलाने त्याला कापसाची वात गाईच्या दुधात भिजवून पाजलं होतं, तान्ह्या बाळाला घेतात तसं उताणं मांडीवर घेऊन. नववीतला पोरगा, पिल्लू रडतंय हे त्याला बघवलं नाही. पण उताण्या पिल्लाच्या घशातलं दूध श्वासनळीत उतरतं. नाकपुडीशी दुधाचा बुडबुडा येत होता आणि छातीला कान लावला की घरघर ऐकू यायची. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं, आम्ही ऊब दिली, तरी ते पिल्लू गेलं. मुलगा माझ्या पडवीत बसून खूप रडला. मी त्याला ओरडले नाही. पिल्लू कसं धरायचं ते उरलेल्या दोघांना पाजताना लांबून दाखवलं. आज त्या वाडीत हे सगळ्यात नीट त्यालाच माहीत आहे.

पोरक्या पिल्लाला सगळ्यात आधी दूध लागतं असा समज असतो. आधी ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. त्यात दूध गेलं की ते तसंच पडून राहतं, नासतं, पोट फुगतं. पिल्लाचं अंग हाताला उबदार लागेपर्यंत मी थेंबसुद्धा देत नाही. त्या दिवसांत वळवाच्या पावसाने आमच्याकडे तासन्‌तास वीज नसते, त्यामुळे दिव्याच्या उबेवर भरवसा ठेवता येत नाही. गरम पाण्याच्या बाटल्याच कामाला येतात, आणि त्याही दुरडीच्या एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येतं. ऊब आल्यावर मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट न होता उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. या दोघांची तशी राहत होती. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोमट ओआरएस थेंब थेंब, आणि त्यानंतर पातळ केलेलं दूध.

दूध गाईचं नाही. त्यातली साखर या पिल्लांना पचत नाही, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला हगवण एका रात्रीत संपवते. मांजराच्या पिल्लांसाठी जी दूध पावडर मिळते ती चिपळूणहून मागवली. ती येईपर्यंत डॉक्टरांना विचारून सासूबाईंच्या शेळीचं दूध पातळ करून दिलं. एका वेळी वजनाच्या साधारण पाच टक्के, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पिल्लाला पाच मिली, त्याहून जास्त नाही. पिल्लू भुकेने कितीही ओढत असलं तरी हात आखडता घ्यावाच लागतो. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज, तिच्या टोकाला मऊ निपल. पिल्लू पालथं, चारही पाय टेकलेले, डोकं जरासं वर, आईच्या पोटाशी असतं तसं. पुढच्या पायांनी ती दोघं टॉवेल मळायची, आळीपाळीने, नखं आत-बाहेर करत. दूध उतरतंय हे सिरिंजपेक्षा त्या पायांवरून आधी कळायचं. पाय थांबले की मीही थांबायची.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पोटाखाली हलके फिरवायचा. एवढ्या वयाच्या पिल्लाला आई चाटते तेव्हाच शी-शू होते. हे राहून गेलं तर पोट तट्ट फुगतं आणि दोष दुधाला दिला जातो. मग वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून रोज सकाळी एकाच वेळी, आणि वहीत नोंद. बघून पिल्लू बरं वाटतं, पण आकडा दोन दिवस जागचा हलला नाही की डॉक्टरांना फोन लावायचा. थोरल्या नराची हगवण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मला ती वहीतच दिसली होती.

रात्रीच्या जागरणाचं मला फार वाटत नाही, त्याची सवय होते. जड जातं ते लांब राहणं. पिल्लू हाताच्या उबेला ओळखतं, मान खुपसतं, तोंडाने बारीक आवाज करतं. त्याला छातीशी धरावंसं कुणाला वाटणार नाही? पण माणसाला न घाबरणारा कांडेचोर रानात टिकत नाही. तो भर वस्तीत येतो, खुराड्याशी दिसतो आणि काठी खातो. म्हणून पाजायचं ते एकाच माणसाने, न बोलता, हातमोजे घालून, आणि काम झालं की लगेच दुरडी झाकायची. नावं ठेवायची नाहीत. आमच्या सासूबाईंना हे कठोर वाटलं. पहिल्या आठवड्यात त्या दाराशी येऊन म्हणायच्या, "अगं, जरा तरी कुरवाळ की." पुढे पोरं बघायला यायला लागली तेव्हा त्याच उंबऱ्यावर बसून सगळ्यांना परत पाठवायच्या.

पोरांपेक्षा मोठ्यांना थोपवणं अवघड. प्रत्येकाला हातात पिल्लू धरलेला फोटो हवा असतो. मी कुणालाही काढू देत नाही, माझाही नाही. असा फोटो वाडीच्या ग्रुपवर गेला की चार जणांना ते पाळायची इच्छा होते, आणि पुढच्या वर्षी माळ्यावरचं पिल्लू आईजवळून उचललं जातं. घरातलं मांजर आणि कुत्रा त्या खोलीकडे फिरकू द्यायचे नाहीत, कारण पार्वो आणि डिस्टेंपरसारखे त्यांचे आजार या पिल्लांना सहज मारतात. माणसाच्या बाजूने धोका रेबीजचा. मी प्रतिबंधक लस आधीच घेतलेली आहे, आणि चावलं तर साबणाने जखम पंधरा मिनिटं धुऊन पुन्हा दवाखाना गाठायचा हे ठरलेलं आहे.

जून सरता सरता दात आले, तसं सिरिंज चावून फोडायला लागली. तेव्हा बशीत कुस्करलेलं केळं ठेवलं, मग शेवटचे रायवळ आंबे, पपई, चिकू. फळांवर ती तुटून पडतात, त्यामुळे लोक समजतात की फळं दिली की झालं. नुसत्या फळांवर वाढलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय वाकतात. उकडलेलं अंडं, हाडासकट कोंबडीचे तुकडे, नाकतोडे, सापळ्यात सापडलेला उंदीर (विष घातलेला कधीच नाही), आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कॅल्शियम, हे सगळं लागतं. पावसात आगरात नाकतोडे भरपूर. दादांचा मुलगा ते प्लास्टिकच्या बरणीत पकडून आणायचा आणि उंबऱ्यावर ठेवून जायचा.

त्याच सुमारास ती बाहेरच्या पिंजऱ्यात गेली. फणसाच्या झाडालगत, माणसाच्या दीडपट उंच, बारीक जाळीचा, वर पत्रा, आत आडव्या-उभ्या फांद्या आणि एका कोपऱ्यात उंचावर लाकडी खोकं. दिवसभर खोक्यात झोप, अंधार पडला की धुडगूस. खाणं रात्रीच ठेवायचं, आणि रोज नव्या जागी लपवायचं. कधी फांदीच्या बेचक्यात, कधी पानांखाली. भेरली माडाची पिकलेली फळं मिळाली की तीही देत असे, कारण रानात तेच खायचं आहे. ती फळं हातमोज्याशिवाय हाताळली तर खाज सुटते, पण कांडेचोर ती आवडीने खातो आणि बिया लांबवर टाकतो. आमच्या डोंगरात कुणी न लावलेले कितीतरी भेरली माड अशाच बियांतून उभे आहेत. पोल्ट्रीवाले आणि बागायतदार त्याला चोर म्हणतात तेव्हा मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

आषाढ-श्रावणातल्या झडीत सोडायचं नाही, हे वनपालांचंही मत होतं. नवरात्राच्या आसपास पाऊस ओसरला. तोवर मी पिंजऱ्याशी गेले तरी दोघं फिस्कारून वरच्या फांदीवर चढायची, आणि त्या फिस्कारण्याने मला जेवढं समाधान मिळालं तेवढं त्यांच्या मान खुपसण्यानेही मिळालं नव्हतं. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. जागा ठरली ती देवरहाटीच्या कडेची. जुनी झाडं, ढोल्या, बारमाही ओहळ, मोठा रस्ता लांब आणि ग्रामदेवतेचं रान म्हणून कुऱ्हाड लागत नाही. पिंजरा सुटा करून तिथे नेला, आत काही रात्री राहू दिलं, म्हणजे जागेचे वास आणि आवाज ओळखीचे होतात. मग वनरक्षकांच्या समोर एका संध्याकाळी दार उघडलं आणि आम्ही मागे फिरलो.

मादी पहिल्याच रात्री गेली ती परत खायला आली नाही. नर मात्र बरेच दिवस रात्री येऊन खोक्यावर ठेवलेलं केळं खाऊन जायचा. मी ते हळूहळू कमी केलं, एक दिवसाआड केलं, मग बंद केलं. वनरक्षकांनी लावलेल्या कॅमेऱ्यात तो दिवाळीनंतरही ओहळाच्या बाजूला दिसला, अंगाने भरलेला, शेपूट धड. मादीचा फोटो मिळाला नाही. तिचं काय झालं असेल हा विचार अजून मनात येतो, पण अहवालात तेवढंच लिहिलं जे दिसलं होतं.

शेवटच्या कागदावर सह्या झाल्यावर पिंजरा परत आणला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतला आणि खळ्यात उन्हाला लावला. जाळीचा खालचा कोपरा गंजला आहे, तो उन्हाळ्याआधी बदलून घ्यायचा आहे. दूध पावडरचा एक डबा या वेळी आधीच आणून ठेवला आहे.