पोत्याचं तोंड बांधायची पक्की गाठ – माझा अनुभव

गावाहून तांदळाची पोती येतात आणि टेम्पोतून उतरवताना एखाद्याचं तरी तोंड सैल झालेलं असतंच, घरच्या शेतातला तांदूळ असा खाली सांडलेला बघून जीव जळतो. म्हणून यावेळी कॉन्स्ट्रिक्टर नॉट, म्हणजे घट्ट आवळून बसणारी गाठ, शिकूनच घेतली.

सुरुवात सोपी आहे. पोत्याच्या गळ्याभोवती सुतळीचा एक वेढा, टोक मूळ दोरीवरून (म्हणजे दोरीच्या दुसऱ्या, न फिरवलेल्या बाजूवरून) तिरकं न्यायचं, मागून दुसरा वेढा. इथपर्यंत सगळे व्हिडिओ छान दाखवतात.

पुढे मात्र संताप येतो. टोक नक्की कशाखालून घालायचं हे दाखवायची वेळ आली की बरोब्बर त्या माणसाचा अंगठा मध्ये येतो, दोरी दोन्हीकडून एकाच रंगाची, हात सपासप चालतो आणि "बस, झाली गाठ"! अरे, कशी झाली ते सांगा ना! पॉज करून, स्लो करून बघितलं तरी कळेना. नुसतं तिरक्या वेढ्याखालून टोक काढलं तर क्लोव्ह हिच नावाची दुसरीच गाठ होते, ती दिसायला जवळपास तशीच असते पण पोतं हादरलं की सरकते. शेवटी सुतळीचं एक टोक मार्करने लाल केलं आणि बाटलीवर बांधत बसलो, तेव्हा उलगडलं. लाल टोक आधी मूळ दोरीवरून पलीकडे जातं, मग मूळ दोरी आणि तिरका वेढा अशा दोन्हींच्या खालून, आणि दोन वेढ्यांच्या मधून बाहेर येतं. तपासायचं कसं, तर तिरक्या वेढ्याखाली दोन्ही टोकांचा एकमेकांत पीळ बसलेला दिसला पाहिजे. शेजारी शेजारी सरळ गेली असतील तर परत बांधा. मग दोन्ही टोकं विरुद्ध बाजूला ओढायची, अशी काचते की नखसुद्धा आत जात नाही. पहिलं पोतं बांधून हलवून बघितलं तेव्हा काय बरं वाटलं!

हो, आणि गळ्याच्या वर चार बोटं तरी पोतं मोकळं ठेवा, नाहीतर गाठ वरून निसटेल. गुळगुळीत नायलॉनपेक्षा सुतळी बरी. खोक्यासारख्या सपाट वस्तूवर ही गाठ धरत नाही, तिला गोल काहीतरीच लागतं. सोडवायला जाम त्रास होतो, त्यामुळे वरचा तिरका वेढा तेवढा कापायचा, पोत्याला धक्का लागत नाही. सुतळी परत वापरायची असेल तर शेवटी टोक पूर्ण न ओढता बुटाच्या लेससारखा फासा ठेवा, ओढला की सुटते.