छाती हलतेय की ओ

बेळगावच्या एका रुग्णालयात मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे; अवयवदानाबद्दल कुटुंबांशी बोलणं हे माझं काम. त्या दिवशी आयसीयूबाहेर खानापूरकडचं एक कुटुंब बसलं होतं. चोवीस वर्षांचा मुलगा, मोटारसायकलचा अपघात, डोक्याला मार. मेंदू मृत झाल्याची पहिली तपासणी झाली होती. अवयवदानाचा विषय मी काढलाच नव्हता. तेवढ्यात आई म्हणाली, "छाती हलतेय की ओ. पाय गरम हाईत. मग मेला कसा म्हणता?"

याला लोक अडाणीपणा म्हणतात, तेव्हा मला राग येतो. शिकलेली माणसंही हेच विचारतात, आणि का विचारू नये? मी सांगितलं, की कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो परतूही शकतो. इथे श्वास चालवणारा मेंदूचा बुंधाच गेलाय, हवा मशीन भरतंय, आणि ऑक्सिजन मिळतोय तोवर हृदय आपलं आपण धडधडतं. ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

म्हणून सहा तासांनंतरच्या दुसऱ्या तपासणीला मामांना आत घ्यायची डॉक्टरांना विनंती केली. व्हेंटिलेटर काढला, बारीक नळीतून ऑक्सिजन चालू ठेवला. मामांची मूठ गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर, नजर भाच्याच्या छातीवर. दहा मिनिटं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमी पाऱ्याच्या वर गेला. एवढ्यात जिवंत मेंदू श्वासासाठी धडपडला असता. छाती तसूभरही उचलली नाही.

बाहेर येऊन मामा म्हणाले, "अक्का, तो वारा मशीनचा हाय. आपल्या पोराचा न्हाई."

मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "किडनी वगैरे देतात म्हणे?"

पुढचे प्रश्न भराभर आले. विकणार तर नाही ना? १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि कुणाला द्यायचं ते 'जीवसार्थकथे' या कर्नाटक राज्याच्या अवयवदान संस्थेच्या प्रतीक्षायादीवरून ठरतं. अवयवांसाठी घाई केली असेल का? मृत्यू ठरवणाऱ्या चार डॉक्टरांत प्रत्यारोपण करणारा एकही नसतो. अंगाची चिरफाड? अपघात असल्याने पोस्टमॉर्टेम होणारच होतं. अवयव काढल्यावरही टाके घालून, नीट करूनच देह देतात.

फॉर्म इंग्रजीत होता. एकेक ओळ मी मराठीत वाचून दाखवली. डोळ्यांच्या ओळीपाशी आईने माझा हात धरला. "पुढच्या जन्मी आंधळा आला तर?" मामा म्हणाले, "चितेवर काय डोळे राहतात होय अक्का?" तिने मान हलवली. डोळे नकोत. मी लगेच ते खोडलं. तिला पटवत बसणं मला त्या घडीला पाप वाटलं असतं. दोन्ही किडन्या आणि यकृत, एवढ्यावर तिने सावकाश, मराठीत सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देह ताब्यात दिला. तिने आधी चेहरा पाहिला, पापण्यांवरून बोट फिरवलं. मग पायांशी गेली, तळवे हातात घेतले.

"आता गार पडलेत," म्हणाली, आणि चादर पायांवर नीट ओढून घेतली.