आंबिया बहार

दर शनिवारी सकाळी साडेसात वाजता एक लेख लिहून ओळखीच्या माणसांना पाठवायचा, या माझ्या नेमाला आता सहावे वर्ष लागले आहे. माणसे शंभर-सव्वाशे असतील. काही नागपुरातल्या धरमपेठेतली, काही महालातली, काही नोकरीपायी पुण्याला किंवा परदेशी गेलेली, पण अजूनही 'बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन येतो' असे चुकून तिकडच्या लोकांसमोर बोलून जाणारी. हे लेख माझ्याकडे कोणी मागितलेले नाहीत, त्यांना मानधन नाही आणि एखाद्या शनिवारी ते गेले नाहीत तर जाब विचारायला कोणी येणार नाही. सगळी अडचण याच स्वातंत्र्यात आहे. वरिष्ठ डोक्यावर उभे असतात तेव्हा माणूस कुरकुरत का होईना, कागद पुरा करतो. स्वतःच स्वतःचा वरिष्ठ झाला की रजेचा अर्ज आणि त्याची मंजुरी एकाच हाताने होते.

'इतकी वर्षे उत्साह टिकतो तरी कसा?' असे लोक कौतुकाने विचारतात. तो टिकत नाही, हे खरे उत्तर दिले तर त्यांचा विरस होतो, म्हणून मी नुसता हसतो. पहिले चौदा लेख भराभर झाले, कारण ती जन्मभराची साठवण होती: महालातला वाडा, आजोबांचा रेडिओ, शाळेच्या वाटेवरची चिंच. पंधराव्या शनिवारी कोनाडा रिकामा होता. त्यातच मला प्रतिसाद मोजण्याची खोड लागली. तर्री-पोह्यांवर तासाभरात खरडलेल्या लेखाला चाळीसेक निरोप आले आणि तीन आठवडे झिजून लिहिलेल्या लेखाला दोन, त्यांतलाही एक नुसता अंगठा. परिणामी पुढचे दोन महिने मी केवळ खाण्यावर लिहिले. सावजीच्या रश्श्याला आता कोणते विशेषण उरले आहे, याचा विचार करीत शुक्रवारी रात्री बसलो असताना मला स्वतःचीच दया आली, आणि ती मोजदाद मी कायमची बंद केली.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. आतून आल्यावाचून लिहायचे नाही, असे ठरवले. हे ऐकायला उदात्त वाटते. प्रत्यक्षात सात शनिवार कोरडे गेले. या कोरड्या काळाची एक गंमत मला तेव्हा कळली. एक आठवडा चुकला तर पुढचा लेख साधा चालतो. पण तीन चुकले की चौथा लेख इतक्या दिवसांच्या मौनाला साजेसा, भारदस्त असला पाहिजे असे वाटू लागते, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत तो मनातल्या मनात एवढा थोर होऊन बसतो की त्याला हात लावण्याची छाती होत नाही. खंड आळसामुळे पडत असेल, पण तो लांबतो या भीतीमुळे.

त्याच डिसेंबरात काटोलजवळ मावसभावाच्या मळ्यात गेलो होतो. संत्र्याची झाडे मरगळलेली, पाने मलूल, काही पिवळी पडून खाली गळलेली. आणि विहिरीत मात्र पाणी दिसत होते. मी काळजीने विचारले, तेव्हा दादा म्हणाला, "ताण देल्ला हाय ना बाप्पा. झाड सोडून नाही देल्लं. पानी कवा सोडाचं, थे आधीच ठरवून ठेवा लागते."

संत्र्याच्या पट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे सांगण्याची गरज नाही, पण मी शहरात वाढलेला असल्याने मला ते नवे होते. संत्र्याचे झाड सतत पाणी पीत राहिले तर पानेच काढत बसते. त्याचे पाणी तोडले, वाढ थांबली, की त्याच्या अंगात अन्न साठते आणि मग पाणी मिळताच ते फुलावर येते. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने हा ताण चालतो. तो कमी पडला तर फूल नीट येत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. ताण तोडतानाही पहिले पाणी हलके द्यायचे असते.

बहारही मुख्य दोन. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात बसतो, जून-जुलैत पावसाबरोबर फुले येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चला तोडणीला येते. पाऊस लांबला की सगळे गणित विस्कटते. आंबिया बहार आंब्याला मोहोर येण्याच्या सुमाराचा: डिसेंबरात ताण, जानेवारीत पाणी, मग फुले, आणि दिवाळीच्या आगेमागे फळ कळमन्याच्या बाजाराकडे निघते. त्याला आकाशाकडे पाहावे लागत नाही, मात्र स्वतःच्या विहिरीत पाणी असावे लागते. एका झाडाकडून दोन्ही बहार घेण्याचा लोभ केला तर झाड खंगते.

परतीच्या बसमध्ये मला माझे सात शनिवार आठवले. मी मृगाची वाट पाहत बसलो होतो, आणि पाणी कधी सोडायचे ते ठरवलेच नसल्याने त्याला ताणही म्हणता येत नव्हते. ती सरळ हयगय होती.

तेव्हापासून माझ्याजवळ खिशात मावेल अशी एक वही असते. तिला मी विहीर म्हणत नाही, कारण घरात आधीच माझी पुरेशी थट्टा होते. गोकुळपेठेच्या बाजारात मोठी संत्री दर्शनी रचून लहान मागे सारणाऱ्या हातांची लय, पहिल्या पावसानंतर फुटाळ्याच्या काठावर जमलेली आणि पाण्याऐवजी एकमेकांचीच छायाचित्रे काढणारी माणसे, असे त्या वहीत काहीबाही असते. यांतल्या कशाचाही एकट्याने लेख होत नाही. पण शुक्रवारी रात्री कोऱ्या कागदासमोर बसणे आणि अशा बारा नोंदींसमोर बसणे यात फार अंतर आहे.

लेख विसरले जातात, याचेही आता फारसे वाईट वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबती, म्हणजे मिरवत नेऊन जाळायचे मोठे पुतळे, निघतात आणि त्यांच्याबरोबर त्या वर्षीच्या महागाईचे, लाचखोरीचे, नाही तर एखाद्या ताज्या भानगडीचे बडगे, म्हणजे टवाळीची बुजगावणी. खपून उभे केलेले ते ध्यान 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळीत त्याच दिवशी जळते, आणि पुढच्या वर्षी नवा बडग्या नवा विषय घेऊन हजर असतो. १८८० च्या दशकापासून हे चालू आहे.

आणि नियमितपणाचा अगदीच गर्व होऊ लागला तर विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवावेत. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले आणि त्याचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले, त्यातली पहिली काही वर्षे शाळेतली नोकरी सांभाळून. आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत हे सगळे आटोपून ते गेलेही. माझ्या शनिवारच्या दीड पानापुढे हा हिशेब मांडला की मान आपोआप खाली जाते आणि लेखणी चालू लागते.

मे महिन्यात मात्र मी आता रीतसर ताण घेतो. पारा पंचेचाळिशीपलीकडे गेलेला असताना नागपुरात विचार करणे हे तसेही प्रकृतीला मानवत नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तसे कळवून टाकतो, आणि पुढचा लेख जूनच्या पहिल्या शनिवारी येईल हेही त्याच निरोपात लिहितो, पाऊस येवो न येवो. गेल्या जूनमध्ये पाऊस आला नव्हता. शुक्रवारी रात्री अकरा वाजता कूलरचा पंप बंद पडला, ताट्या वाळू लागल्या, आणि दुसरे काहीच सुचत नसल्याने मी त्या पंपावरच लिहायला घेतले. जेमतेम पाऊण पान झाले. पहिले पाणी हलके द्यायचे असते, अशी स्वतःची समजूत घालून साडेसातला ते पाठवले. आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या शाळेतल्या निवृत्त सरांचा निरोप आला: "लेख वाचला. नवा पंप कुठून आणलास आणि केवढ्याला पडला, ते लिहायचे राहिले आहे."