दोन सेंटिमीटर उंचीच्या प्रवाशाची जर्मनी : ग्योपिंगेन ते हॅम्बुर्ग

रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी जगभर सर्वांत जास्त प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे आहे. या प्रमाणात पावणेसहा फूट उंचीचा प्रवासी जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो आणि युरोपातले १४३५ मिलिमीटर रुंदीचे रूळ साडेसोळा मिलिमीटरवर येतात. आम्हा छांदिष्टांच्या मंडळात अशा रुळांची, इंजिनांची आणि घरच्या टेबलावर उभारलेल्या स्टेशनांची छायाचित्रे सतत फिरत असतात. त्यांतल्या बहुतेकांत एक दोष हटकून आढळतो. ती उभ्याने, वरून काढलेली असतात, त्यामुळे महिनोन्महिने खपून केलेले काम शेवटी दिसते ते पसाऱ्यासारखे. नोव्हेंबरच्या अखेरीस जर्मनीला जाण्याचा योग आला, तेव्हा शक्य तितकी छायाचित्रे त्या दोन सेंटिमीटरच्या प्रवाशाच्या डोळ्यांच्या उंचीवरूनच काढायची, असे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. "काका, इथून तासाभरावर आल्प्स आहेत आणि तुम्ही खेळण्यातल्या गाड्या बघायला हॅम्बुर्गपर्यंत जाणार?" असे त्याने विचारले. त्यावर काही उत्तर न देता मी उल्ममार्गे ग्योपिंगेनला जाणारी गाडी पकडली. डिसेंबर २०२२ मध्ये वेंडलिंगेन ते उल्म हा नवा द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून वेगवान गाड्या बहुतांशी तिकडून जातात. जुन्या मार्गाने जाण्यात वेळ थोडा अधिक लागतो, पण त्या मार्गावर गाइसलिंगेनचा घाट आहे आणि मला तो चुकवायचा नव्हता.

हा घाट १८५० मध्ये वाहतुकीस खुला झाला. हजारी साडेबावीस, म्हणजे साधारण ४४ फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ आहे, आणि जड मालगाड्या वर नेताना आजही मागून इंजिन लावावे लागते. आपल्या बोरघाटात आणि थळघाटात हाच चढ ३७ फुटांमागे एक फूट आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला तो आकडा ऐकून दचकायला होत नाही. मात्र त्याची आखणी पाहण्यासारखी आहे. डोंगराच्या कुशीला धरून, एकही बोगदा न खोदता रूळ खाली उतरत जातात आणि वळणावर मागच्या डब्यातून पुढचे डबे सबंध दिसतात. प्रतिकृती करणाऱ्यांना असे वळण अतिशय प्रिय असते, आणि तेच त्यांना सर्वाधिक छळतेही. खऱ्या मार्गावरचे एक किलोमीटर त्रिज्येचे वळण १:८७ मध्ये करायचे, तर साडेअकरा मीटर त्रिज्या लागते. बाजारात मिळणाऱ्या तयार रुळांचे नेहमीचे घट्ट वळण ३६ सेंटिमीटरचे असते. खऱ्या रेल्वेत त्याचा हिशेब जेमतेम ३१ मीटर भरतो आणि एवढ्या वळणावर आपली एक्स्प्रेस गाडी पहिल्याच डब्याला रुळांवरून उतरेल. घरातल्या प्रत्येक रेल्वेच्या मुळाशी ही एक तडजोड असते, आणि छायाचित्र कोठून काढायचे हे तीच ठरवते. वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहिले की ते खपून जाते. बाहेरून पाहिले की डब्यांचे कोपरे उघडे पडतात.

ग्योपिंगेन हे मेर्कलिन कंपनीचे गाव. थिओडोर फ्रीडरिश विल्हेल्म मेर्कलिन यांनी १८५९ मध्ये येथे पत्र्याची खेळणी, मुख्यतः बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडीकुंडी, करण्यास सुरुवात केली. १८६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पत्नी कारोलीन यांनी तो धंदा पुढे चालवला. रेल्वे आली ती पुढच्या पिढीत. १८९१ च्या लाइपझिग जत्रेत कंपनीने किल्लीवर चालणारी गाडी इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या रुळांवर मांडली आणि त्याबरोबरच रुळांच्या रुंदीची ठरावीक मापे जाहीर केली. माझ्या मते गाडीपेक्षा ही मापे महत्त्वाची होती. आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी आणखी रूळ, आणखी डबे, आणखी सांधे जोडता येतील, हा भरवसा त्यांतून मिळाला. खेळण्याचा छंद झाला तो तेथून, आणि अर्थातच खिशाला कायमचे भोक पडले तेही तेथूनच.

कंपनीच्या संग्रहालयात जुन्या पत्र्याच्या गाड्यांची कपाटे आहेत. त्यांच्या रंगाची झळाळी पाहून मन हरखते. तरीही मी अधिक वेळ घालवला तो एका हिरव्या विद्युत इंजिनासमोर. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गासाठी १९१९ ते १९२२ या काळात बांधलेले हे इंजिन पुढेमागे लांबलचक नाक असल्यामुळे 'मगर' म्हणून ओळखले जाते, आणि मेर्कलिनने १:८७ च्या प्रमाणात त्याची प्रतिकृती १९४७ पासून केली आहे. आपल्याकडच्या वाचकाला त्यात विशेष वाटावे असे कारण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटांतल्या मालगाड्यांसाठी १९२८ च्या सुमारास जी विद्युत इंजिने आणली, त्यांतली पहिली दहा याच मगरीच्या विंटरथूर येथील कारखान्यातून आली होती. नाकाची ठेवण तीच, चाकांना जोडणारे दांडे तसेच. उभे असताना ते इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालताना दांड्यांचा सळसळाट होई, म्हणून आपल्या रेल्वे कामगारांनी त्याला 'खेकडा' म्हटले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' हे त्या जातीचे इंजिन जपून ठेवलेले आहे. काचेपलीकडच्या मगरीचे छायाचित्र मी मंडळात पाठवले, तेव्हा पहिले उत्तर आले ते असे: "अहो, हा तर आपला खेकडा!"

ते छायाचित्र नीट निरखले की मेर्कलिनची आणखी एक खूण दिसते. दोन रुळांच्या मधोमध, प्रत्येक स्लीपरवर, धातूचा एक बारीक ठिपका असतो. इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्या ठिपक्यांवरून घासत जाते आणि वीज घेते. इतर बहुतेक उत्पादकांच्या रुळांत वीज दोन रुळांमधूनच येते, त्यामुळे ठिपक्यांचे आणि बिनठिपक्यांचे असे दोन पंथ छांदिष्टांत पडलेले आहेत. उभ्याने पाहताना हे ठिपके खडीत लपून जातात, पण कॅमेरा खाली नेला की ते एका रांगेत चमकू लागतात.

हॅम्बुर्गला पोहोचलो तेव्हा पाऊस होता, आणि तेथे तो असणारच असे मला नंतर सांगण्यात आले. बाउमवाल या उंचावरच्या मेट्रो स्थानकावर उतरून पूल ओलांडला की स्पाइखरश्टाट हा गोदामांचा भाग लागतो. लाकडी खांबांवर उभारलेली ही लाल विटांची गोदामे कॉफी, मसाले आणि गालिचे साठवण्यासाठी बांधलेली होती. २०१५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांतल्याच एका गोदामात 'मिनिआटुअर वुंडरलांड' आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ पूर्वी हॅम्बुर्गमध्ये नाइट क्लब चालवत असत. २००० च्या जुलैमध्ये झुरिकच्या एका दुकानात रेल्वेच्या प्रतिकृती पाहून फ्रेडरिकच्या मनात ही कल्पना आली आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी पहिला भाग लोकांसाठी खुला झाला. त्यानंतर हॅम्बुर्ग, अमेरिका, स्कँडिनेव्हिया, स्वित्झर्लंड, इटली असे विभाग वाढत गेले. स्वित्झर्लंडचा मॅटरहॉर्न तर जवळजवळ सहा मीटर उंचीचा असून तो दोन मजल्यांतून वर गेलेला आहे. स्कँडिनेव्हियाच्या समुद्रात ३० हजार लिटर खरे पाणी आहे आणि त्यात जहाजे चालतात. तिकीट आगाऊ आणि ठरलेल्या वेळेचे काढावे; ऐनवेळी गेल्यास बाहेर बराच वेळ ताटकळावे लागते.

येथले वैशिष्ट्य म्हणून सगळे विमानतळाकडे बोट दाखवतात. क्नुफिंगेन या कल्पित गावाचा तो विमानतळ २०११ मध्ये सुरू झाला. तेथे विमाने धावपट्टीवर धावून खरोखर वर उचलली जातात. ते कौशल्य मोठे आहे यात शंका नाही. मला मात्र क्नुफिंगेनचे रस्ते अधिक आवडले. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तार पुरलेली असते, मोटारीच्या पुढच्या आसाला जोडलेला लोहचुंबक त्या तारेमागे जातो आणि चाके वळतात. त्यामुळे अग्निशामक दलाचे बंब वर्दी आली की निघतात, चौकात थांबलेल्या गाड्यांना मागे टाकतात आणि काम संपले की परत आपल्या जागी जातात. नियंत्रण कक्ष प्रेक्षकांना दिसेल असाच ठेवला आहे. पडद्यांच्या रांगेसमोर बसलेली माणसे पाहून आपल्याकडच्या एखाद्या विभागीय रेल्वे कार्यालयाची आठवण होते.

छायाचित्रणाची माझी युक्ती अगदी साधी होती. फोन उलटा धरायचा, म्हणजे त्याचे भिंग खालच्या कडेला येते आणि कडेलगतच्या फलाटाशी जवळजवळ समपातळीत नेता येते. मोठ्या कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याचे भिंगच त्या जगातल्या दुमजली घराएवढे असते. शिवाय फोनच्या चिमुकल्या भिंगात जवळचे बाकडे आणि दूरचा सिग्नल दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, आणि प्रतिकृती खरी वाटावी यासाठी तीच गोष्ट सर्वांत आवश्यक असते. एका छोट्या स्टेशनाचे असे छायाचित्र घेतले आणि मग पडद्यावर मोठे करून पाहिले. फलाटाच्या कडेचा रंग मधोमध झिजलेला होता, टोकांना शाबूत होता. कारण माणसे मधोमध चढतात. छतावरच्या पन्हाळीखाली भिंतीवर गंजाचा ओघळ होता. थांबलेल्या डब्याच्या टपावर राखाडी थर होता, आणि त्यातला रंगाचा किती व खऱ्या धुळीचा किती, हे मला शेवटपर्यंत सांगता आले नाही. दर पंधरा मिनिटांनी दालनात रात्र होते आणि लाखो दिवे लागतात. त्या वेळी सर्व प्रेक्षक फोन उंचावतात, पण खालून पाहिले तर दिव्यांपेक्षा दिव्यांखालचा अंधार अधिक पटण्यासारखा असतो.

या भव्यतेत मला पुण्याच्या कर्वे रस्त्यावरील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेकदा आठवले. भाऊसाहेब जोशी यांनी ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले केले. एका दालनात मावणाऱ्या त्या नगरात दिवे मंद होतात, निवेदन सुरू होते आणि गाड्या, सर्कस, झुलत्या पाळण्यांची हवाई वाट एकेक करून पुढे येतात. हॅम्बुर्गमध्ये प्रेक्षकाने स्वतः हिंडून शोधायचे असते, तर पुण्यात आपल्याला हाताला धरून दाखवले जाते. दोन्ही रीती मला मान्य आहेत. शाळकरी मुलांना मात्र दुसरी अधिक भावते.

हॅम्बुर्गहून परतण्यापूर्वी एका परिचिताच्या ओळखीने जवळच्या गावातील क्रीडागृहात जमलेल्या छांदिष्टांना भेटता आले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या 'फ्रेमो' या मंडळाच्या पद्धतीने तेथे सर्व चालते. प्रत्येक सभासद आपापल्या घरी रेल्वेचा एकच तुकडा उभारतो, पण त्याची टोके ठरलेल्या मापाचीच ठेवतो. त्यामुळे दूरदूरहून आणलेले तुकडे जोडून सभागृहभर एक सलग मार्ग तयार होतो. प्रत्येक मालडब्याबरोबर कार्ड असते, आणि डबा कोठून कोठे काय घेऊन जातो ते त्यावर लिहिलेले असते. स्टेशने एकमेकांशी टेलिफोनवर बोलून 'गाडी सोडू का' असे विचारतात. भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम वेगाने पळते, कारण अंतरे आखडलेली असताना वेळ पूर्ण ठेवून भागत नाही. येथे बघ्यांसाठी म्हणून काहीच मांडलेले नव्हते. एका स्टेशनात काम बघणारे निवृत्त गृहस्थ दुधाच्या टाकीचा एक डबा सांध्यावरून मागे लोटण्यात इतके गढून गेले होते, की मी आलो आहे हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आले. मग त्यांनी छापील छायाचित्रांची वही काढली. तीत प्रत्येक पानावर डावीकडे खरे स्टेशन होते, उजवीकडे त्यांनी केलेले, आणि दोन्हीही एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून घेतलेली. माझ्या उलट्या फोनची युक्ती त्यांना आवडली. त्यांनी लगेच स्वतःचा फोन उलटा करून पाहिला, आणि मग आपल्या खडीचा रंग चुकला आहे, अशी तक्रार करू लागले.

ती वही पाहून मी मंडळासमोर एक प्रस्ताव ठेवला: आपणही एखादे ठिकाण निवडावे, तेथे जाऊन ठरावीक उंचीवरून छायाचित्रे घ्यावीत आणि त्यावरून तुकडा उभारावा. सर्वांचे मत एकमुखाने कसाऱ्याकडे झुकले. मागून बँकर इंजिन जोडण्याचा प्रसंग कोणालाच सोडवत नव्हता. कसारा ते इगतपुरी अंतर साधारण १६ किलोमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १८० मीटरहून अधिक, असा हिशेब एकाने मांडला. त्याच्या दिवाणखान्याची लांबी चार मीटर आहे. दुसऱ्याने आठवण करून दिली की आपले १६७६ मिलिमीटरचे रूळ या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंद हवेत, आणि तसे तयार रूळ बाजारात मिळत नाहीत. रुंदीच्या बाबतीत साडेसोळावर भागवायचे ठरले. पावणेतीन मिलिमीटरची तूट समोरून काढलेल्या छायाचित्रातच दिसेल, बाजूने कळणार नाही. घाटापुरते एकच बोगद्याचे तोंड, कसाऱ्याचा एक फलाट आणि बँकर जोडला जातो तेवढाच रुळांचा भाग करायचा, असा निर्णय झाला आहे. पावसाळ्यानंतर, खडी धुऊन निघालेली असताना, आम्ही छायाचित्रे घेण्यास जाणार आहोत.