नोटीस बोर्डावरचं सुदान

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सोसायटीच्या बोर्डावरचा माझा कागद आज सकाळी काढलेला होता. त्याच टाचण्या, तीच जागा, फक्त आता टाकी धुण्याची सूचना. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "सर, दहा दिवस झाले. वाचून झालं असेल की सगळ्यांचं." राग आला, पण काय बोलणार? लिफ्टसाठी थांबलेली माणसं त्या कागदाला खांदा लावून मोबाइल बघत उभी असतात, हे मीही पाहिलंय.

कागदही धड नव्हता म्हणा. वर ठळक 'सुदान', खाली नुसते आकडे. एप्रिल २०२३ पासून यादवी. १ कोटीहून जास्त माणसं घराबाहेर, त्यातली ४० लाखांच्या घरात सीमा ओलांडून इजिप्त, चाड, दक्षिण सुदानात. १ कोटी माणसं म्हणजे किती, हे मला तरी कुठे कळतं? माझ्या डोळ्यांपुढे येतात ती दोन-तीनच. पुण्यात शिकवत होतो तेव्हा वर्गात दरवर्षी एखाददुसरा सुदानी मुलगा असायचाच. मागच्या बाकावरची लांबलचक मुलं, चहात एवढी साखर घालायची की टपरीवाला वैतागायचा.

ज्यांनी वाचलं त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "आपण कोणाच्या बाजूने?" आता काय सांगणार? लष्करप्रमुख बुरहान आणि आरएसएफ या निमलष्करी दलाचा हेमेदती, दोघांनी मिळूनच २०२१ मध्ये मुलकी कारभार उलथवला. पुढे आरएसएफ लष्करात विलीन करायची वेळ आली तेव्हा एकमेकांवर उठले. ज्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असं कुणी नसलं की आपण मॅचसुद्धा बघत नाही.

दुसरा, "आपला काय संबंध?" त्यावर माझ्याकडे हुकमी उत्तर होतं. खडकवासल्याला एनडीएची ती घुमटाची मुख्य इमारत, तिचं नावच सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान सुदानच्या रक्षणासाठी लढले म्हणून सुदानने १ लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर आपल्या वाट्याचे ७० हजार उरले, ते त्या इमारतीला लागले. "अरे वा, माहीतच नव्हतं," म्हणत मंडळी लिफ्टमध्ये शिरली. यात कौतुक आपलंच होतं, म्हणून तेवढं तरी ऐकलं.

सुदानचं बरंचसं सोनं दुबईच्या बाजारात पोचतं, हे मात्र लिहून खोडलं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि सेक्रेटरींचा मुलगा दुबईत असतो. भित्रेपणाच.

दुपारी नवा कागद घेतला. या वेळी एकच गाव, अल फाशेर. पश्चिम सुदानातल्या दारफुर भागातलं हे शहर आरएसएफने ५०० दिवसांहून जास्त वेढून ठेवलं. भोवती मातीचा बांध घातला, इतका लांब की उपग्रहाच्या फोटोत दिसतो. धान्य आत जाईना तेव्हा माणसं 'अंबाझ' खायला लागली. २६ ऑक्टोबरला शहर पडलं, माणसं मारली गेली, निसटले ते तविला गावाच्या वाटेने चालत निघाले.

अंबाझ म्हणजे काय, ते लिहिताना अडलो. भुईमुगाचं तेल गाळल्यावर उरलेला चोथा, गुरांना घालतात तो. एवढं लिहिलं आणि हात थांबला. अरे, ही तर पेंड! आमच्या गोठ्यात घमेल्यात भिजत असायची. चुकून हात लागला तर दिवसभर बोटांचा वास जायचा नाही. बाकीचं खोडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माणसं पेंड खात होती.' टाकीच्या सूचनेखाली एका टाचणीवर अडकवलं.

संध्याकाळी खाली गेलो तर बोर्डासमोर शेजारच्या काकू. बीडकडच्या, पंच्याहत्तरी उलटलेल्या. चष्मा कपाळावर, नाक कागदाला लागलेलं.

"सर, पेंड खाल्ली लोकांनी? शेंगदाण्याची?"

"हो."

"बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो ज्वारी खाल्ली. लाल, घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. पण पेंड नाही हो." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेंड तेव्हा बैलालाही नव्हती." लिफ्ट आली. त्या हलल्या नाहीत. दार लागलं, लिफ्ट वर गेली.

"आणि ती संपल्यावर?"

"तीही संपत आली होती शेवटी."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागद परत पहिल्यापासून वाचायला लागल्या.