उकडीचा बैल आणि नाचणीचं शेत

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. बायकोच्या लॅबला नसते. त्यामुळे ते दोन शनिवार सव्वाचार वर्षांची ओवी आणि चौदा महिन्यांचा धाकटा माझ्या ताब्यात असतात. आई घरात असते, पण तिने आधीच जाहीर केलंय, "मी तुला वाढवलं, आता यांना तू बघ."

धाकट्याचा सध्या एकच नियम आहे, हाताला लागेल ते तोंडात. चप्पल, रिमोटचं झाकण, ताईचा खडू. ओवीला मात्र क्ले हवी, आणि तीही दादा शेजारी बसलेला असताना. (धाकटाच, पण ती त्याला दादा म्हणते.) घरी करतात त्या क्लेमध्ये वाटी-वाटी मीठ असतं, ते एवढ्याशा पोटात जायला नको. कच्ची कणीक द्यावी तर तीही नको. दळल्याने पिठातले जंतू मरत नाहीत, ते भाजल्या-उकडल्यावरच मरतात. म्हणजे दोघांना एका चटईवर बसवायचं तर खेळणं शिजवलेलंच हवं.

आणि शिजवलेली क्ले आपल्याकडे दर गणपतीत होतेच की. मोदकाची उकड!

एक वाटी पाणी, एक वाटी तांदळाची पिठी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की पिठी घालायची, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळायचं, झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. मग परातीत काढून तुपाचा हात लावून मळायची. इथे आळस करू नका. कमी मळलेल्या उकडीला भेगा पडतात आणि बैलाची शिंगं गळतात. दुसरं म्हणजे उकडीचा गोळा वरून गार लागतो, पण पोटात चांगलाच गरम असतो. मोडून, आत बोट घालून बघितल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका.

रंगांसाठी बाटल्या लागत नाहीत. बीट उकडलेल्या पाण्यात उकड काढली की राणी रंग येतो, हळदीचा पिवळा. पालकाचा हिरवा जरा आजारी दिसतो, पण ओवीच्या बेडकांना चालतो. निळ्यासाठी सोसायटीच्या कुंपणावरची गोकर्णीची फुलं. फवारणी झालेली नाही हे वॉचमनला विचारून घेतो, फुलं धुतो आणि उकळतो. या निळ्या उकडीवर लिंबू पिळलं की तेवढा भाग जांभळा होतो. ओवी बोटाने एकेक थेंब टाकते आणि ठिपक्यांची गाय करते. हळदीच्या गोळीला खायच्या सोड्याची चिमूट लावली तर ती लालसर होते. आईने लगेच सांगितलं, "त्यात काय, हळदीत चुना घातला की कुंकू होतंच." सोड्याची गोळी ओवीने चाटून पाहिली आणि जे तोंड केलं, त्यानंतर ती गोळी बैलाच्या शेपटीला लागली.

धाकटा काही बनवत नाही. तो दाबतो. लिंबाएवढा गोळा मुठीत धरतो, बोटांच्या फटींतून उकड बाहेर येते, मग मूठ उघडून उलटीसुलटी बघतो. करंगळीला चिकटलेलं दुसऱ्या हाताने काढायला जातो, ते त्या हाताला चिकटतं, आणि हा कार्यक्रम बराच वेळ चालतो. शेवटी मनगट चाटतो. भाताच्या घासाला तोंड फिरवणारं हे कार्टं मनगटावरची उकड चवीने खातं. म्हणून मी त्या वेळी "खा बाळा, खा" म्हणत नाही. म्हटलं की संपलं.

आईचा मात्र सुरुवातीला कडक विरोध होता. ती राजापूरकडची, अन्न हे पूर्णब्रह्म मानणारी. "अन्नाशी खेळतात का?" तिचं म्हणणं मला पटतंही. नुसत्या फोटोसाठी किलोभर डाळ-तांदूळ रंगवून नंतर कचऱ्यात टाकलेले व्हिडिओ मला बघवत नाहीत. म्हणून आमचा तह झालाय. उकडीतली अर्धी आधीच बाजूला काढायची, त्याला पोरांचा हात लागायचा नाही. तिच्यात आई मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या थापते, वाफवते आणि कच्च्या तेलाबरोबर दुपारी सगळ्यांना देते. चटईवरच्या उष्ट्याची जबाबदारी माझी. चाटलेली शिंगं, चावलेले कान मी खातो. कबुतरांना टाकायची सोय नाही, खालच्या काकू भांडायला येतात.

दुसरा हिट खेळ नाचणीचं शेत. नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग भाजायचं आणि कोमट असताना त्यात पातळ तूप आणि खजुराचा गर चोळायचा. तूप आवश्यकच, कोरडं पीठ उधळलं की पोरांच्या नाकात जातं. तुपाने ते ओल्या मातीसारखं होतं, मुठीत धरलं तर ढेकूळ, चोळलं तर भुगा. मोठ्या ताटात ही माती पसरली की ओवी बोटाने सऱ्या पाडते, वाफवलेल्या गाजराचे मऊ तुकडे लावते, ब्रोकोलीची झाडं उभी करते. मग उकडीचे बैल येतात. पोळ्याला तिने गावी खरे बैल पाहिलेत, त्यामुळे आधी पुरणपोळी म्हणून बैलाच्या तोंडाला माती लावली जाते आणि नंतर त्याला कामाला जुंपतात. मी मजूर असतो. मजुराला पगार मागितल्यावर एक गाजर मिळतं आणि "उद्या या" असं सांगितलं जातं. आम्ही काउंटरवर लोकांना जे ऐकवतो तेच मला घरी ऐकावं लागतं. खेळ संपला की मातीचे लाडू वळायचे, तेही तीच वळते.

खरं तर हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. बोरन्हाण म्हणजे दुसरं काय? संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान पोराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे ओतायचे. गेल्या महिन्यात धाकट्याचं केलं. त्याने ओतलेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गळ्यातला हलव्याचा हार दोन्ही हातांनी तोंडाकडे ओढून तो गंभीरपणे चाखायला लागला. हलवा टणक, आत तीळ किंवा खसखस, म्हणून हार लगेच उतरवला आणि त्यावरून आत्या माझ्यावर रुसली. आम्ही डोक्यावर ओतले ते फक्त चुरमुरे आणि स्ट्रॉबेरीचे बारीक तुकडे. बोरं, ऊस, हरभरे वाटीत भरून मोठ्या मुलांना हातात दिले. "बोरांशिवाय कसलं बोरन्हाण" हे ऐकून घेतलं.

या बाबतीत मी हट्टी आहे. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं ही घशात अडकणारी मंडळी, धाकट्याच्या आसपासही नकोत. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घुटीत चालतो म्हणून कोणी कितीही सांगो. राजमा-वाटाण्यांनी भरलेले, पोरांनी हात घालून खेळायचे 'सेन्सरी डबे' दिसायला छान असतात, पण कोरडा वाटाणा नाकात गेला की तिथे फुगतो आणि रविवारी नाक-कान-घशाचा डॉक्टर शोधत फिरावं लागतं. आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत जेली बॉल घरात आणूच नका. गिळले तर आतड्यात फुगून वाट अडवतात, शिवाय साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाहीत. ओवीला तसलं बुळबुळीत काही हवंच होतं, म्हणून तिला गोकर्णीच्या पाण्यात भिजवलेला सब्जा देतो. त्याला ती बेडकाची अंडी म्हणते आणि लिंबू-साखर घालून पिते.

आता आवराआवरीचं. उकड ओली असताना पुसायला जाऊ नका, फरशीभर खळ पसरते. तासभर पंखा लावून ठेवा, वाळली की पापडासारखी सुटते आणि झाडूने निघते. नाचणीचं उलट आहे, तुपामुळे ती ताबडतोब कागदाने टिपावी लागते, नाहीतर पाय घसरतो. धाकट्याला थेट बाथरूममध्ये न्यायचा. केसांत उकड असेल तर आधी खोबरेल तेल लावून फणी फिरवायची, मग पाणी. आणि त्याच्या मानेच्या वळ्या उघडून बघायला विसरू नका, तिथे निम्मा बैल असतो.